उरलेलं मीठ

८ जानेवारी

जहाजावरच्या मुख्य स्वयंपाक्यास,

राग गेला म्हणून लिहितेय असं समजू नका. राग जागच्या जागी आहे, रोज झाडूनपुसून ठेवते. एका कामासाठी लिहितेय. फोनच करणार होते, पण तुमच्या जहाजावरच्या फोनभोवती अर्धे खलाशी कान टवकारून उभे असतात आणि तुम्ही पलीकडून ‘हं, हं’ एवढंच बोलता. त्यापेक्षा कंपनीच्या एजंटाकडे पत्र दिलेलं बरं. उशिरा मिळतं, पण सगळं मिळतं.

काम असं की, आपली खालच्या मजल्यावरची शेजारीण आहे ना, जिना चढताना मोठमोठ्यानं गाणारी, तिची मूत्रपिंडं कमजोर झाली आहेत. डॉक्टरांनी मीठ अगदी नावापुरतं ठेवलंय. बिचारीला घास गिळवत नाही. मला म्हणाली, “तुमचे हे एवढे मोठे स्वयंपाकी, विचारा ना त्यांना, मिठाशिवाय जेवणाला चव कशी आणायची ते.” मी म्हटलं, “ते समुद्रावरून शेळ्या हाकतात, पण विचारते.”

मिठाचा विषय निघाला म्हणून सांगते. तुम्ही निघण्याच्या दिवशी शेवटचं जेवण स्वतः करता आणि मुद्दाम मीठ कमी टाकता. ‘उरलेलं मीठ आल्यावर’ म्हणता. लग्नापासूनचा तुमचा हा नेम. आल्यावर बॅगही खाली न ठेवता पातेल्यात चिमूट टाकून ‘घे, हे तुझं उरलेलं’ म्हणता. मी आयुष्यभर हसत आले त्याला. या खेपेला मात्र तुम्ही शेवटची सफर झाली म्हणून शब्द दिला होता, आणि कांदा चिरता चिरता, माझ्याकडे पाठ करून सांगितलंत की पुन्हा सही केली. का, तर कंपनीचं मीठ खाल्लंय. मग घरचं काय अळणी होतं? मी बरणी उचलली, ताटात मूठभर मीठ ओतलं आणि तुमच्यादेखत ते सगळं जेवण संपवलं. बॅग उचललीत. मीही दारापर्यंत आले नाही.

ते मीठ तुम्ही टाकायचं होतं. तेव्हापासून मला उगाच वाटतं की परत यायचं तुमचं कारणच मी खाऊन टाकलं.

असो. बाइंडिंगचं काम जोरात आहे. वर्षअखेरीचे अहवाल आलेत, छापील पानांचे फर्मे जुळवून जुळवून मान मोडते. अंगुस्तान बोटात शिरत नाही म्हणून बोटाला कातडं गुंडाळून शिवते. थंडीनं बोटं सुजली असतील. अंगठीही साबण लावून काढली.

उत्तर शेजारणीला हवंय, मला नाही.

बाइंडरीण


१९ फेब्रुवारी

अहो,

चार पानं! उभ्या जन्मात मला कधी चार पानं लिहिली नाहीत, आणि शेजारणीच्या कांद्यावर चार पानं पाठपोट. तिला वाचून दाखवली तेव्हा ती लाजलीसुद्धा.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं. कांदा मंद आचेवर, कडा काळपट होईपर्यंत. लसूण आधी ठेचून, मग थोडा वेळ नुसता ठेवून. मिरी अख्खी भाजून मग कुटायची, आणि आंबट शेवटी, गॅस बंद करून. व्हिनेगरचे थेंब मोजून टाकले. तुमचं ते वाक्य मी कामाच्या टेबलावर चिकटवलंय, ‘मीठ स्वतः चव देत नाही, बाकीच्यांना मोठ्यानं बोलायला लावतं. ते नसेल तर बाकीच्यांना जरा पुढे बसव.’ आमचे मालक वाचून म्हणाले, “हे कामगारांबद्दल आहे का?”

शेजारणीबरोबर सोबत म्हणून मी आहारतज्ज्ञ बाईंकडे गेले होते. लहानखुरी बाई, पण आवाज असा की बाहेरच्या बाकावरची माणसंही पथ्य पाळायला लागावीत. त्यांनी विचारलं, “काय खाता?” शेजारीण म्हणाली, “भात आणि उकडलेला कोबी. बाकी सगळं सोडलं.” बाईंनी पेन खाली ठेवलं.

“कुणी सांगितलं सोडायला?”

“मीच. म्हटलं, कशाला परीक्षा बघा.”

“अहो, पथ्य म्हणजे उपास नव्हे. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून मूत्रपिंडं सुधारणार नाहीत, अंगातलं मांस तेवढं झिजेल. मापात खा, पण नीट खा. अंडं खा, त्यातला पांढरा भाग जास्त. मासा खा, हा एवढा. डाळ रोज नको, वाटीभर तर नकोच. सफरचंद चालेल. तुमच्या रक्तात पोटॅशियम वाढलंय, म्हणून केळं, टोमॅटो, संत्र्याचा रस सध्या बंद. दुसऱ्या कुणाचं बघून काही करू नका, प्रत्येकाचं पथ्य त्याच्या त्याच्या रक्तावरून ठरतं.”

“आणि बटाटा?” हे विचारताना शेजारणीचा आवाज चिरकला, कारण बटाटा तिचा जीव की प्राण.

“सालं काढा, बारीक चिरा, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या. मग थोडासा, अधूनमधून.”

सोनारानं कान टोचले ते बरं झालं. येताना शेजारणीनं बटाटे घेतले. मी काल ते ~~चिरले~~ तिनं काल ते चिरले. तुमच्या सुरीनं चिरायला गेले होते, तिच्यासाठी हो. पण तुम्ही ती डावखुऱ्या हातासाठी घासलेली, माझ्या हातात भलतीकडेच जाते. फोडी सगळ्या तिरक्या. तुम्ही चिरलेत की एकेक फोड ठशातून काढल्यासारखी.

डॉक्टर तिला म्हणाले की मूत्रपिंडांत पाचवा हिस्सा ताकद उरलीय. खाणं सांभाळलं, औषधं चुकवली नाहीत तर यंत्रावर रक्त शुद्ध करायची वेळ काही वर्षं लांबेल. नाही सांभाळलं तर हे वर्ष संपायच्या आत. शेजारीण म्हणते, यंत्राची भीती वाटत नाही. तिथं प्रत्येकाच्या खुर्चीशेजारी एक स्टूल असतं, सोबतच्या माणसासाठी. आपलं ते रिकामं असेल याची भीती वाटते.

तुम्ही कधी उतरणार ते पत्रात कुठंच लिहिलेलं नाही. चार पानांत जागा उरली नसेल.

बाइंडरीण


२ एप्रिल

अहो, ऐकलंत का,

तुमच्या इंजिनखोलीतला तेलवाला गेल्या आठवड्यात दारात उभा. रजेवर घरी चालला होता, हातात डबा. म्हणाला, “वहिनी, उस्तादांनी दिलाय. वाटेत पाण्यात पडलास तरी चालेल पण डबा पडू देऊ नकोस, असं म्हणाले.” त्याला चहा केला. त्यानं तुमची सगळी खबर दिली. तुम्ही हल्ली रेलिंगपाशी एकटेच उभे असता, पत्त्यांना बसत नाही, आणि कुणी काही विचारलं की ‘डाळ लागेल’ म्हणून आत जाता. मला हसू आलं आणि मग हसू थांबवता येईना, त्याला कळेना काय झालं.

डब्यातली चिठ्ठी वाचली. ‘कप्तानाला ब्लडप्रेशर आहे, त्याच्यासाठी मी हे कमी सोडियमचं मीठ वापरतो. शेजारणीच्या डॉक्टरांना दाखवून मगच दे. आणि हे तुझं उरलेलं.’

हे तुझं उरलेलं.

अहो, मला वाटलं होतं की तुम्ही विसरलात. नाहीतर त्या दिवशी मी केलं ते मनात धरून बसलात. तेलवाला गेल्यावर मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. मग उठले, तुमच्या पद्धतीनं कांदा केला, बटाटे उकळून पाणी फेकलं, अंडं फोडलं, आणि वरून ते मीठ टाकलं. जिभेवर जरा कडसर लागतं शेवटी. पण मीठच ते! डोळ्यांत पाणी आलं. किती महिन्यांनी जेवले म्हणून सांगू. तुम्ही समोरच्या खुर्चीत बसून मी पहिला घास घेतल्यावर माझ्या तोंडाकडे बघता ना, अगदी तसं कुणीतरी बघतंय असं वाटलं. मी ‘छान झालंय’ असं मोठ्यानं म्हणाले.

रोज घालते आता. सकाळी अंड्यावर, रात्री भातावर. शेजारणीलाही दिलं हो. डॉक्टरांना दाखवायचं राहिलं, पुढच्या खेपेला दाखवेल ती.

तुमची आठवण येते. आधीच्या पत्रांत लिहिलं नव्हतं, राग होता म्हणून. सकाळी कामावर जाताना येते, खळ ढवळताना येते, आणि जेवायला बसले की उठेपर्यंत येते.

तुमची,
बाइंडरीण


२१ एप्रिल

अहो,

अक्षर वाकडं आलंय, समजून घ्या. हॉस्पिटलात आहे, हाताला सुई आहे. घाबरू नका, आता बरी आहे.

ताकाला जाऊन भांडं लपवत बसले, त्याचं हे फळ. खालची शेजारीण घोड्यासारखी ठणठणीत आहे. तळलेल्या बटाट्याची पुडी पुढ्यात घेऊन आत्ता माझ्या पलंगाशेजारी बसलीय. मूत्रपिंडं माझी गेलीत. तुम्ही निघालात त्यानंतर लगेच कळलं. पाय सुजायचे, थकवा यायचा, मला वाटायचं की रागानं झोप नाही म्हणून. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही आला असतात. पण मग तुम्ही माझ्या आजारासाठी आलात की माझ्यासाठी, हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून शेजारीण उभी केली. वेडेपणाच, दुसरं काय.

परवा कामावर पुठ्ठ्यांची चळत उचलायला गेले तर हातच उचलेनात. पाय जड, छातीत धडधड, मध्येच एक ठोका गळाल्यासारखा. मालकांनी गाडीत घालून आणलं. इथं छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं आणि एकदम सगळ्यांची पळापळ. पोटॅशियम भलतंच वाढलं होतं. इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता तर हृदय थांबलं असतं.

आहारतज्ज्ञ बाई आल्या. या खेपेला आवाज अगदी हळू होता. “काय खाल्लंत?” मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं तेच.” “आणखी?” मी चादरीचे टाके मोजायला लागले. मग शेजारणीला किल्ली देऊन घरी पाठवलं त्यांनी, ओट्यावर जे जे असेल ते घेऊन या म्हणाल्या. ती बाकी सगळ्याबरोबर तुमचा डबाही घेऊन आली. बाईंनी डब्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि माझ्याकडे बघितलं.

“यात सोडियम कमी आहे, त्याच्या जागी पोटॅशियम घातलंय. ज्याची मूत्रपिंडं चांगली आहेत तो जास्तीचं बाहेर टाकतो. तुमची टाकू शकत नाहीत. मला विचारलं का नाही?”

विचारलं नाही, कारण त्या डबा काढून घेतील असं वाटलं. हे त्यांना नाही सांगितलं, तुम्हाला सांगतेय. “कुणी दिला?” म्हणाल्या. मी म्हटलं, “दुकानातून आणला.”

हे तुम्हाला कळवू की नको, यावर दोन दिवस काढले. तुम्हाला मी ओळखते. कळलं की तुम्ही पुन्हा माझ्यासाठी पातेल्याला हात लावणार नाही. पण एका खोट्यानं इथवर आणलं, दुसरं कशाला रचू. तर ऐका. डबा तुम्ही पाठवलात, चिठ्ठीत डॉक्टरांना दाखव असंही तुम्हीच लिहिलंत. खाल्लं मी. तुमचं उरलेलं म्हणून खाल्लं. त्यात तुमचा काही दोष नाही, हे माझ्या अक्षरात लिहून देतेय, हवं तर खिशात ठेवा.

डबा बाईंनी नेला. चिठ्ठी मी मागून घेतली.

तुमचीच,
बाइंडरीण


९ मे

अहो,

तुमचं उत्तर नाही. एजंटाच्या ऑफिसात जाऊन आले. खिडकीतला माणूस मला बघूनच मान हलवतो आता. जहाज समुद्रातच असेल, नाहीतर तुम्ही रागावला असाल, नाहीतर घाबरला असाल. यातलं पहिलं असावं म्हणून विनवणी करते. कुणाला करते ते विचारू नका, सगळ्यांनाच करते.

मी घरी आले. अर्धा दिवस कामाला जाते. जड काही उचलू देत नाहीत, बसून शिलाई करते. सूज उतरली, अंगुस्तान बोटात जायला लागलं. पहिल्या दिवशी ते बसलं तेव्हा टेबलावर टकटक करून सगळ्यांना दाखवलं.

आणि मी नीट जेवते. खोटं नाही, शेजारीण साक्षीला आहे. आधी मी जेवणावर राग काढत होते. आधी उपाशी राहून, मग डोळे मिटून तो डबा खाऊन. आता ताट वाढून, खुर्ची ओढून, बसून जेवते. भात, कोबीला मिरीचा ठसका, अंडं. माशाचा तुकडा बाई सांगतात तेवढाच, पण त्यावर तुमचा काळपट कांदा आणि शेवटी आंबट. काल फ्लॉवर भाजला, कडा करपल्या, आणि मला वाटलं की आता हे गळ्याशी येणार, पण चव लागली. खरंच लागली! मीठ नाही हे अर्ध्या ताटापर्यंत आठवलंही नाही. तेवढ्यात तुम्ही आठवलात, मग पुढचं अर्धं ताट अळणीच झालं.

मला बरं व्हायचंय असं म्हटलं की बाई सांगतात, बरं होणार नाही, सांभाळायचं आहे. मी सांभाळतेय. तुम्ही याल तेव्हा मी असायला हवी ना.

त्या दिवशी मी मूठभर मीठ खाल्लं ते तुमच्या जाण्यावर नव्हे, तुम्ही पाठ करून सांगितलंत त्यावर. तोंडाकडे बघून सांगितलं असतंत तर मी दारापर्यंत आले असते. बंदरापर्यंतसुद्धा.

नोकरी सोडा म्हणत नाही. कंपनीचं मीठ खाल्लंय तर त्याला जागा. मला फक्त एकदा तुमच्यासमोर बसून जेवायचं आहे. येताना मीठ आणू नका. काहीच आणू नका. या.

तुमची


२४ मे

बाइंडरीणबाई,

तुझी दोन्ही पत्रं एकदम मिळाली. आधी हॉस्पिटलचं फोडलं.

मला लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. कांद्याबद्दल येतं. तरी लिहितो.

आजारी शेजारीण नाही, तू आहेस, हे मला तुझ्या फेब्रुवारीच्या पत्रावरूनच कळलं होतं. ‘चिरले’ खोडलेलं होतं, पण खालून दिसत होतं. त्याआधी ‘मी’ होतं, ते तू खोडलंच नाहीस. मी वाचलं आणि पत्राची घडी घातली. तुला विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतंस. म्हणून डबा पाठवला. भांडं मीही लपवलं. तू दोष नाही असं लिहून दिलंस, ते खिशात ठेवलंय. पण मी ते विसरणार नाही.

पत्रं वाचून भटारखान्यात गेलो. जेवण केलं, वाढलं. थोड्या वेळानं कप्तानानं बोलावलं. “काय हो उस्ताद, जहाजावरचं मीठ बुडालं का?” मी म्हटलं, “नाही साहेब. घरी माणूस अळणी जेवतंय. माझा हात डब्याकडे जात नाही.” साहेब हसले. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. मी मुद्दाम करत नव्हतो. चमचा हातात घ्यायचो आणि तसाच उभा राहायचो. मग खलाशी ताटं घेऊन साहेबांच्या दाराशी जमले. साहेब म्हणाले, “उतरा उस्ताद तुम्ही, नाहीतर ही पोरं मला समुद्रात टाकतील.” मग बाकीच्यांना घालवून त्यांनी बसवलं, तुझं सगळं विचारलं, आणि कंपनीला स्वतः कळवलं.

कंपनीचं मीठ कंपनीला परत. पुढच्या बंदरात उतरतोय. हे पत्र एका दिवसानं माझ्या पुढे असेल, फार तर दोन.

उरलेलं मीठ आता उरलेलंच राहू दे. त्या स्टुलावर मी बसेन, लागेल तेव्हा. त्याच्या आधी बाईंकडे मला ने. मी समोर बसून सगळं विचारून घेतो, काय, किती, कशात. त्यांचा आवाज मोठा असला तरी चालेल, इंजिनखोलीच्या वर झोपलेला माणूस आहे मी.

दार लोटून ठेव, उठू नकोस. मोठं पातेलं काढून त्यात पाणी भरून ठेव, भरपूर. सुरीला हात लावू नकोस. बटाटे मी चिरीन, तुझ्याकडे तोंड करून.